इनास मास्तरांचा पहिला विद्यार्थी

इनास मास्तरांना काहीही विचारा, उत्तर 'नाही'पासून निघतं आणि 'हो'पाशी येऊन थांबतं.

"मास्तर, जेवलात का?"

"नाही. म्हणजे तसं नाही. जेवलो."

"अलिबागची एसटी गेली का?"

"नाही, नाही. म्हणजे गेली, पण फार लांब नसेल गेली."

मी इथल्या शाळेत शिक्षिका म्हणून नवी होते तेव्हा मला वाटायचं, वयामुळे होत असेल. ऐंशी कधीच ओलांडली त्यांनी. मग त्यांचे जुने विद्यार्थी भेटले. ते म्हणाले, बाई, पाढे शिकवतानासुद्धा हे असंच. सात साती किती, म्हणून विचारायचे. पोरगं म्हणायचं, एकोणपन्नास. मास्तर म्हणायचे, "नाही." पोरगं बोटांवर पुन्हा मोजायला लागलं की म्हणायचे, "नाही, म्हणजे बरोबर आहे. पण तू इतक्या लवकर कसं सांगितलंस?"

मी मूळची रोह्याकडची, भात लावणाऱ्या घरातली. नेमणुकीच्या पत्रावर 'पॅरिश शाळा' असं होतं. वडिलांनी ते वाचून विचारलं, "हे फ्रान्समधलं का?" मलाही नक्की सांगता येईना. एक चर्च, त्याचे फादर आणि त्या चर्चला जाणारी घरं, एवढ्या सगळ्याला मिळून पॅरिश म्हणतात, हे मला इथे आल्यावर कळलं. गाव रेवदंड्याच्या खाडीपलीकडे. निम्मी वस्ती ख्रिस्ती. घरात त्यांची स्वतःची, पोर्तुगीज वळणाची जुनी बोली, दाराबाहेर मराठी. बाकी कोळी, आगरी आणि थोडी मुसलमान घरं.

मला वाटलं होतं, चर्चची शाळा म्हणजे इंग्रजी बोलणाऱ्या सिस्टर, बूट-मोजे आणि दंड. प्रत्यक्षात कौलारू, मराठी माध्यमाची शाळा निघाली. त्यात बहुतेक पोरं कोळ्या-आगऱ्यांची. ख्रिस्ती मुलं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. बाकीची ख्रिस्ती मुलं सकाळी पिवळ्या बसमधून दुसऱ्या गावच्या इंग्रजी शाळेत जायची, आणि चर्चच्या शाळेत गणपतीची सुट्टी कधी लागणार म्हणून पोरं मला विचारायची. मी चक्रावले. पहिल्याच आठवड्यात इनास मास्तरांना गाठलं.

"मास्तर, ही शाळा चर्चची ना?"

"नाही. म्हणजे तसं नाही, पण चर्चचीच."

"मग ख्रिस्ती मुलांसाठी काढली असेल."

"नाही. सगळ्यांसाठी. म्हणजे आधी त्यांच्यासाठी, पण तेव्हाही सगळ्यांसाठी."

मी तिथेच नाद सोडला.

मास्तरांना निवृत्त होऊन पंचवीसेक वर्षं झाली, पण रोज सकाळी ते प्रार्थनेला येतात. शिक्षकांच्या रांगेत उभे राहत नाहीत. चौथीच्या रांगेत सगळ्यात शेवटी, हात जोडून, डोळे मिटून. प्रार्थना संपली की घरी. घरी म्हणजे सरळ घरी नव्हे, वाटेत गावातल्या पाट्या तपासत. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात खडू असतोच. बर्फाच्या दुकानावर 'बर्फ मीळेल' होतं, त्याचा 'मी' त्यांनी ऱ्हस्व केला. एकदा रेवदंड्याच्या नाक्यावर उभ्या रिक्षेच्या मागे 'आईचा आर्शीवाद' लिहिलेलं दिसलं. खडूने भागेना म्हणून त्यांनी किल्लीने तो रफार खरवडून 'वा'वर कोरला. रिक्षावाला धावत आला, बघतो तर मास्तर. काय बोलणार? त्याला तिसरीत मास्तरांनीच शिकवलेलं.

"मास्तर, पेंटरनं चुकवलंय, मी न्हाय."

"पेंटरलाही मीच शिकवलंय," मास्तर खिन्नपणे म्हणाले.

असा हा माणूस. आणि याच माणसाकडून मला शाळेचा इतिहास काढून घ्यायचा होता.

त्याचं झालं असं. गेल्या वर्षी वरच्या, म्हणजे बिशपांच्या ऑफिसातून आमच्या फादरना पत्र आलं. मुलं कमी होत चालली आहेत, त्यातही आपली मुलं फारच कमी, तर ही शाळा चालू ठेवण्याचं कारण काय, ते इतिहास आणि उद्देश यांच्यासह लिहून कळवा. फादर वसईचे, तरुण, शांत स्वभावाचे. त्यांनी पत्र माझ्यासमोर ठेवलं. "बाई, तुमचं मराठी चांगलं आहे. दोन-तीन पानं लिहा. वर पाठवू आणि शाळेच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेतही छापू."

"पण फादर, मला यातलं काहीच ठाऊक नाही."

"मलाही नाही. मी येऊन दीड वर्ष झालं. मास्तरांना विचारा."

जुनी हजेरीपुस्तकं काढली. पहिल्या पुस्तकाची पहिली पानं वाळवीने खाल्लेली. जिथून अक्षरं लागत होती तिथे शाळा भरून बरीच वर्षं झालेली होती. मग मी रोज शाळा सुटल्यावर मास्तरांच्या ओटीवर जाऊन बसायला लागले. घर चर्चच्या मागे, माडांत. पुढची दोन खोल्यांची बाजू मास्तरांची. मागच्या बाजूला वेगळी चूल, वेगळं दार. तिथून पन्नाशीचा एक आडदांड माणूस जाळी खांद्यावर टाकून जा-ये करायचा. मास्तर त्याच्याशी बोलत नसत, तो मास्तरांशी बोलत नसे. भाडेकरू असावा असं मी धरून चालले.

पहिल्या दिवशी मास्तर म्हणाले, शाळा गाण्यासाठी निघाली. चर्चमध्ये गायला माणसं नव्हती. तेव्हाच्या फादरनी फिडल, म्हणजे व्हायोलिन आणलं, मुलं जमवली. पण गाण्याचे शब्द पाठ होईनात, म्हणून अक्षरं शिकवली. तेव्हाच्या मास्तराला 'मेस्त' म्हणायचे. सकाळी प्रार्थना, दुपारी बाराखडी, संध्याकाळी सूर, सगळं त्यानेच करायचं. मी खूश झाले. वही भरून घरी आले.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "ते गाण्याचं लिहिलंत का? खोडा. म्हणजे खोडू नका. पण खरं कारण पत्रं." गावातले गडी बोटींवर कामाला जायचे. त्यांची पत्रं यायची, ती वाचता येणारा गावात एकच, फादर. रात्रंदिवस लोक दारात. नवऱ्याने बायकोला काय लिहिलंय तेही फादरनीच वाचायचं. "संन्यासी माणूस, बाई. त्याला लाज वाटायला लागली. म्हणाला, त्यापेक्षा ह्यांना शिकवतो."

तिसऱ्या दिवशी कारण आंब्यांवर आलं. चर्चच्या आवारात आंबे होते, पोरं ते पाडायची. म्हणून दुपारच्या वेळी त्यांना कुठेतरी डांबून ठेवायची सोय केली.

"मास्तर, मग यातलं खरं कुठलं?"

"नाही. म्हणजे सगळंच."

"बरं, पहिला विद्यार्थी कोण होता एवढं तरी सांगा."

मास्तर एकदम उठले. म्हणाले, कोंबडीला दाणे घालायचेत. कोंबडी समोरच दाणे खात होती.

म्हणून मी गावात विचारायला निघाले. पहिली गेले हिराबाईंकडे. हिराबाई म्हणजे आमच्या कोळीवाड्याचा आवाज. सुके बोंबील उलथता उलथता त्यांनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "पयला इद्यार्थी आमच्या सासऱ्याचा आजा. धाकू. फादरनी सोता हाताला धरून नेलता त्याला."

मी नाव लिहून घेतलं. पुढे रहमानभाईंची बेकरी लागली. पाव घेता घेता सहज म्हटलं, शाळेचा पहिला विद्यार्थी सापडला बरं का. रहमानभाईंनी हात पुसले. "आमचे पणजोबा ना? व्हय. शाळेचं दार उघडलं तेव्हा पहिलं पाऊल त्यांचंच."

आगरवाडीत तिसरा पहिला विद्यार्थी निघाला. चर्चच्या पलीकडे ख्रिस्ती घरांत चौथा आणि पाचवा. एका घरात तर पहिली विद्यार्थिनीही मिळाली, आणि ती म्हणे पहिल्या विद्यार्थ्याच्याही आधी आलेली. माझं डोकं भणभणायला लागलं. प्रत्येकाला मी एकच विचारलं, तुम्हाला हे कुणी सांगितलं? प्रत्येकाने एकच उत्तर दिलं. इनास मास्तरांनी.

मी गप्प राहिले असते, पण गाव गप्प राहिलं नाही. स्मरणिका निघतेय ही बातमी पसरली. फादरच्या टेबलावर फोटो येऊन पडायला लागले. फेट्यातले, टोपीतले, एक तर इतका पुसट की त्यात माणूस आहे की माड ते कळत नव्हतं. प्रत्येकामागे लिहिलेलं, 'शाळेचे पहिले विद्यार्थी'. मग हिराबाईंना रहमानभाईंच्या पणजोबांचं कळलं, रहमानभाईंना आगरवाडीचं कळलं. बर्फाच्या दुकानासमोर शब्दाला शब्द वाढला. फादरनी शेवटी रविवारी चर्चच्या पटांगणात सगळ्यांना बोलावलं.

फादर म्हणाले, "पुरावा तर कुणाकडेच नाही. आपण असं करू..."

तेवढ्यात मागच्या खुर्चीतून इनास मास्तर उठले. त्या दिवशी त्यांनी 'नाही'ने सुरुवात केली नाही.

"मी सांगितलं," ते म्हणाले. "प्रत्येकाला मीच सांगितलं. खरा पहिला कोण ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

हिराबाई सावकाश उभ्या राहिल्या. "म्हंजे आमचा धाकू शाळंत गेलाच नव्हता?"

"गेला असेल, हिराबाय. मला ठाऊक नाही."

"माझा नितीन चौथीतनं शाळा सोडत व्हता. तुमी घरी आलात. म्हनलात, हिराबाय, ज्या घरातनं शाळा सुरू झाली त्याच घरातनं पोरगं काढतेस? मी त्याला परत धाडला. अन् ते खोटं व्हतं?"

"खोटं होतं," मास्तर म्हणाले.

हिराबाई निघून गेल्या. नितीन आज अलिबागला कचेरीत आहे, त्याच्या खुर्चीमागे म्हणे पंखा आहे. पण त्याचा इथे काही उपयोग झाला नाही. फसवलं ते फसवलं. रहमानभाई मात्र खाली मान घालून हसत होते. "मला अब्बांनी होडीवरनं कान धरून उतरवलं होतं," ते शेजारच्याला सांगत होते. "म्हणाले, पणजोबाचं नाव घालवतोस काय." मग त्यांनी फादरच्या टेबलावरून आपला फोटो उचलला, थोडा वेळ बघितला आणि खिशात घातला. बाकीचेही एकेक करून आपापले पणजोबा घेऊन गेले.

मी त्या संध्याकाळी मास्तरांकडे गेले. खरं सांगायचं तर मला राग आला होता. तीन आठवडे मी वही घेऊन फिरत होते.

"कशाला केलंत हे, मास्तर? कधीपासून?"

मागच्या अंगणात तो भाडेकरू जाळं विणत बसला होता. मास्तरांनी आवाज खाली आणला.

"तो सायमन," ते म्हणाले. "माझा मुलगा."

तीन आठवडे मी त्या ओटीवर चहा पीत होते.

"चौथीला माझ्याच वर्गात होता. गणितात तेहेतीस पडले. पासाला पस्तीस लागायचे. त्या वर्षी मी सहा मुलांना दोन-दोन, तीन-तीन गुण वाढवून दिले, बाई. पास केलं. ह्याला दिले नाहीत. लोक म्हणतील, मास्तराचं पोर म्हणून पास केलं. जूनमध्ये शाळा उघडली. मी हजेरी घ्यायला लागलो. त्याचं नाव पुकारलं, कुणी बोललं नाही. पुन्हा पुकारलं. तीनदा पुकारलं. मला वाटलं, रुसलाय, उद्या येईल. मास्तराचा मुलगा जाऊन जाऊन जाणार कुठे? तो मामाकडे जाळी विणायला बसला. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात गेल्या तेव्हा तोही गेला."

"तुम्ही समजावलं नाहीत?"

"नाही," मास्तर म्हणाले. मी थांबले. पण त्या 'नाही'पुढे काही आलं नाही.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "त्याची आई होती तोवर आमचं बोलणं तिच्या मार्फत चालायचं. त्याच वर्षी दिवाळीनंतर आगरवाडीतला एक मुलगा यायचा बंद झाला. मी दुसऱ्याच दिवशी त्याच्या घरी गेलो. बाप ऐकेना. काय सांगावं सुचेना, तेव्हा तोंडातून गेलं की शाळेचा पहिला विद्यार्थी तुमच्याच घरातला. मुलगा परत आला. मग पुढे तेच सांगत गेलो. हे सायमनचं लिहू नका."

लिहिलं नाही. पण मला लिहायला आता बाकी काय होतं? इतिहासाचा पत्ता नव्हता. शाळा गाण्यासाठी निघाली, पत्रांसाठी निघाली, आंब्यांसाठी निघाली. तिन्ही लिहिलं आणि खाली लिहिलं की नक्की माहीत नाही. उद्देशाशी येऊन मी दोन दिवस अडून बसले. मूल्यशिक्षण, सर्वांगीण विकास असं काय काय लिहून पाहिलं आणि खोडलं. शेवटी लिहिलं, 'या शाळेतून मूल नाहीसं झालं की दुसऱ्या दिवशी मास्तर त्याच्या घरी जातात. घर कुठल्या देवाचं आहे ते बघत नाहीत. आमच्या माहितीप्रमाणे शाळा यासाठी आहे.' फादरनी वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "ऑफिसला हे कितपत चालेल मला सांगता येत नाही. पण पाठवतो." उत्तर अजून आलेलं नाही. तोवर शाळा भरते आहे.

वर्धापनदिनाला पटांगणात खुर्च्या मांडल्या होत्या. हिराबाईही आल्या, पण मास्तरांच्या बाजूला पाठ करून बसल्या. मास्तर तिसऱ्या रांगेत एकटेच होते. पोरांचा नाच चालू होता, आणि मी शाळेच्या पडवीत स्मरणिका वाटत होते. तेवढ्यात सायमन आला. स्वच्छ सदरा, ओले केस. एवढ्या दिवसांत त्याने माझ्यासमोर पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"बाई, ह्याच्यात बाबाचं काय लिवलंय ते वाचून दावा. मला वाचायला लई येळ लागतो."

मी वाचून दाखवलं. मूल नाहीसं झालं की दुसऱ्या दिवशी मास्तर त्याच्या घरी जातात, इथवर आले आणि माझी जीभ अडखळली. तो खांबाला टेकून ऐकत होता.

"बराबर हाय," तो म्हणाला. "सगल्यांकडं गेला तो. आमचंच घर तेवढं ऱ्हायलं."

मी स्मरणिका मिटली.

"मी जानार व्हतो शाळंत," तो खालच्या पायरीकडे बघत म्हणाला. "शाळा उघाडली त्या दिवशी दप्तर घेऊन मागच्या दारात बसलो व्हतो. म्हनलं, निघताना हाक मारील. तो पुढच्या दारानं निघून गेला. दुपारपोत बसलो व्हतो."

मास्तरांनी सांगितलेलं कुणाला सांगायचं नव्हतं. म्हणजे लिहायचं नव्हतं. सांगायचं नाही असं ते म्हणाले नव्हते, असं मी मनाशी ठरवलं.

"त्यांनी हाक मारली होती," मी म्हटलं. "वर्गात. हजेरीत तुमचं नाव तीनदा पुकारलं. तुम्ही नव्हता."

पटांगणात टाळ्या वाजल्या, पोरं मंचावरून उतरायला लागली. "तीनदा?" सायमनने विचारलं.

"तीनदा."

त्याने स्मरणिका माझ्या हातातून घेतली, तिची सुरळी केली, पुन्हा उलगडली. मग पडवी उतरून तो खुर्च्यांमधून वाट काढत तिसऱ्या रांगेपर्यंत गेला आणि मास्तरांच्या शेजारच्या खुर्चीत बसला. मास्तरांनी मान वळवली नाही. दोघेही रिकाम्या मंचाकडे बघत होते. पुढचा कार्यक्रम सुरू व्हायला वेळ लागत होता. मी स्मरणिका द्यायच्या निमित्ताने त्यांच्या मागच्या रांगेत जाऊन उभी राहिले, म्हणून मला ऐकू आलं.

"भरती कितीला आहे?" मास्तरांनी विचारलं.

"चारला," सायमन म्हणाला. "आज न्हाय जायाचा मी."